नवा वायरिंग हार्नेस, आठ महिन्यांनंतर: वायरी चांगल्या, घाम काढला अर्थिंगने

आधी निकाल सांगून टाकतो: हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचा तयार जुडगा, चांगला आहे आणि पुन्हा वेळ आली तर हाच घेईन. पण तो बसवला म्हणजे वायरिंगचं काम संपलं, असं समजून बसलो आणि पुढचे दोन महिने गाडीखाली उताणा पडून काढले.

गाडी साठच्या दशकातली ब्रिटिश सलून, म्हणजे बंद छताची कार. १२ व्होल्ट, डायनमोवाली (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर), पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. दिव्यांची दुसरी वायर म्हणजे ही बॉडीच, तिलाच अर्थ म्हणतात. जुन्या वायरी वाकवल्या की आवरणाचा चुरा हातात यायचा. आधीच्या मालकांनी जमेल तसे तुकडे जोडले होते. डॅशबोर्डमागे एक लाल वायर मध्येच निळी व्हायची आणि पुढे पिवळी होऊन फ्यूज बॉक्सला मिळायची. असं रंगपंचमीचं वायरिंग दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. बॉडी रंगून आली तेव्हाच ठरवलं, सगळं नवीन.

घेतलेला सेट मूळ पद्धतीचा, कापडी विणीच्या आवरणाचा. प्लॅस्टिक टेपवाला प्रकारही मिळतो, तो स्वस्त असतो आणि तेल-पाण्याला जास्त दाद देत नाही. मला बोनेट उघडल्यावर जुनं दिसायला हवं होतं. हौसेला मोल नाही. कापडी विणीची टोकं मात्र आठ महिन्यांत उसवायला लागली आहेत. बसवतानाच टोकांवर हीट-श्रिंकची (गरम केल्यावर आकसणारी) नळी चढवायला हवी होती.

रंग अगदी जुन्या ब्रिटिश पद्धतीप्रमाणे आहेत आणि हीच या हार्नेसची सगळ्यात मोठी बाजू. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, मध्ये फ्यूज नाही. पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, काळी अर्थ. हेडलाइटला निळी, साइड लाइटला लाल. दुसऱ्या रंगाची बारीक रेघ पुढचा तपशील सांगते: हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा. पाचव्या महिन्यात ब्रेक लाइट गेले, तेव्हा नकाशा न उघडता हिरव्या-जांभळ्या वायरीचा माग काढत गेलो आणि दहा मिनिटांत पेडलजवळची सुटलेली थिंबल (वायरीच्या टोकाला चेपलेला धातूचा तुकडा) सापडली. जुन्या वायरिंगमध्ये एवढ्या वेळात बॅटरीसुद्धा काढून झाली नसती.

बसवण्याबद्दल दोन गोष्टी. जुना हार्नेस कापून फेकू नका. मी तो अखंड काढला, जमिनीवर पसरला आणि शेजारी नवा ठेवून प्रत्येक फाटा ताडून पाहिला. हॉर्नची वायर वीतभर आखूड निघाली, ती इथेच कळली. दुसरं म्हणजे, छतातून आणि दरवाज्याच्या खालच्या पोकळीतून जुनी वायर ओढताना तिच्या शेपटीला सुतळी बांधा. जुनी बाहेर येते, सुतळी आत राहते, तिच्याच टोकाला नवी बांधून ओढायची. नवी वीण कडक असते, म्हणून मी ती आधी तासभर उन्हात ठेवली होती. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, सगळा जुडगा पार नेला, टोकं जोडली, स्वतःवर खूश झालो आणि पाहतो तो पत्र्याच्या भोकात वायर कापू नये म्हणून बसवायची रबरी रिंग, ग्रोमेट, वर्कबेंचवरच. सगळं सोडवून परत.

बॅटरी जोडण्याआधी बल्बची युक्ती नक्की करा. २१ वॉटचा साधा ब्रेक लाइटचा बल्ब बॅटरी आणि गाडीच्या मध्ये, सीरीजमध्ये लावायचा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. माझा बल्ब लख्ख पेटला. पोटात गोळा आला. एकेक फ्यूज काढत गेलो, जांभळ्या वायरीच्या फ्यूजला बल्ब विझला. आतल्या दिव्याची वायर छताच्या पट्टीच्या क्लिपखाली चेपली होती, अगदी नखाएवढ्या जागेत. सरळ बॅटरी जोडली असती तर नव्या फ्यूजचा बळी ठरलेलाच होता. आणि ती वायर तपकिरी असती, तर फ्यूजही मध्ये नसता.

आता अर्थिंग. गाडीला आतून-बाहेरून नवा रंग, आणि रंग म्हणजे विजेच्या दृष्टीने भिंत. हार्नेसच्या काळ्या वायरी मी हौसेने चकचकीत रंगावर स्क्रूने आवळल्या. पहिल्याच रात्री ब्रेक दाबला की डाव्या बाजूचे मागचे-पुढचे दोन्ही इंडिकेटर मंद पेटायचे. करंटला परतीची नीट वाट नसली की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबून ठेवायला भावाला बसवलं आणि मल्टिमीटरचं एक टोक बल्बच्या होल्डरला, दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावलं. १.८ व्होल्ट! तिथे जवळपास शून्य हवं. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, आवळून वर व्हॅसलिन चोपडलं, आकडा ०.०६ वर आला. मग प्रत्येक दिव्याला बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर दिली. हार्नेसमध्ये त्या नाहीत, कारण मूळ गाडीतही नव्हत्या. तरी घाला.

याहून मोठी चूक सांगायला लाज वाटते. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची जाड पट्टी लावायची राहून गेली. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे स्टार्टरच्या करंटला बॉडीपर्यंत जायला दुसरा रस्ता नव्हता. त्याने चोकची (थंड इंजिन सुरू करताना ओढायची) केबल निवडली. बटण दाबलं, स्टार्टर कण्हला आणि डॅशबोर्डखालून धूर. केबलचं बाहेरचं आवरण हात लावता येणार नाही इतकं तापलं होतं. मी आधी हार्नेसला शिव्या घातल्या. त्याचा काही दोष नव्हता.

सोबत आलेल्या बुलेट कनेक्टरच्या (वायरींची गोल टोकं एकमेकांना जोडणाऱ्या) बाह्या मात्र सुमार. तीन तर इतक्या सैल की वायर बोटाने निघायची. मी सगळ्याच बदलल्या. नवीन टोकं लावायला योग्य क्रिम्पिंगची (थिंबल वायरीवर चेपायची) पक्कड घ्या, साध्या पकडीने चेपलेली थिंबल चार दिवस टिकते. ज्या वायरमन काकांकडून मी हे काम शिकलो, ते प्रत्येक जोड झाला की म्हणायचे, “ओढून बघ. निघायची असेल तर आत्ता निघू दे.” प्रत्येक जोड ओढला. दोन निघाले.

तिसऱ्या महिन्यात हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) घातले. हार्नेस मूळ रचनेचा असल्याने हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि पायाच्या डिपरमधून (अप्पर-लोअर बदलायच्या स्विचमधून) फिरून येतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट आणि दिव्यावर ११.८. रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला फ्यूजमधून थेट करंट, ८७ वरून २ चौरस मिलिमीटरच्या वायरीने दिव्याला, ८६ ला लोअरची जुनी निळी-लाल वायर, ८५ अर्थ. अप्परसाठी असाच दुसरा, निळ्या-पांढऱ्या वायरीवर. आता दिव्यावर १३.३ मिळतात आणि स्विच गरम होत नाही. पॉझिटिव्ह अर्थची गाडी असेल तर आत डायोड नसलेला साधा रिले घ्या, तो कुठल्याही दिशेने चालतो.

बाकी पावसात गाडी बऱ्यापैकी फिरली, फ्यूज एकदाही उडाला नाही. पुढच्या ग्रिलमागचे दोन बुलेट हिरवे पडले होते, तिथेच व्हॅसलिन लावायचं राहिलं होतं. पेट्रोलचा काटा इंडिकेटरच्या तालावर अजून किंचित हलतो. मीटरचा अर्थ पुन्हा खरवडायचा आहे, पण त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि ते धाडस सध्या नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या सैल बाह्यांसाठी आणि हॉर्नच्या आखूड वायरीसाठी. ती जुन्या हार्नेसमधला वीतभर तुकडा जोडूनच पुरवली आहे.