डिजिटल व्हर्निअर: दिसतं किती, खरं किती

प्रॅक्टिकलच्या लॅबसाठी 150 मिमीचा डिजिटल व्हर्निअर (वस्तू दोन जबड्यांत धरून तिचं माप घेणारं उपकरण) घेतला, त्याबद्दल. बांधणी चांगली आहे. जबडे मिटून उजेडासमोर धरले तर फट दिसत नाही, सरकवताना कुठे अडकत नाही, लॉकचा स्क्रू आवळला तरी रीडिंग हलत नाही. आकडे ठळक. कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळली यावरून होणारी मुलांची भांडणं मिटली, हे तर मोठंच सुख. घ्यायला हरकत नाही.

माझा आक्षेप आहे तो खोक्यावरच्या 0.01 मिमीला आणि तो आकडा वाचून ‘एकदम अचूक’ म्हणणाऱ्यांना. 0.01 हा लीस्ट काउंट झाला, म्हणजे उपकरण दाखवू शकतं ते सर्वांत लहान माप. आतल्या बारीक अक्षरातल्या पत्रकात अचूकता ±0.02 मिमी दिली आहे, म्हणजे शेवटच्या आकड्याच्या दुप्पट. हा फरक कळावा म्हणून अर्ध्या इंचाची बेअरिंगची गोळी घ्या. तिचा व्यास 12.70 मिमी, आणि गोळी इतकी काटेकोर गोल असते की कुठूनही मापा, दोष गोळीचा नाही. रीडिंग आली 12.70, 12.69, 12.71, 12.70, 12.70. सरासरी 12.70, प्रमाण विचलन (रीडिंग सरासरीभोवती किती विखुरली ते) 0.007, आणि पाच रीडिंग असल्यामुळे सरासरीतली अनिश्चितता त्याला √5 ने भागून 0.003 मिमी. इथे थांबून मुलं खूश होतात. पण उपकरणाचा स्वतःचा ±0.02 अजून शिल्लकच आहे. त्या पट्ट्यात खरं माप कुठेही असू शकतं असं धरून √3 ने भागलं की 0.0115. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: 0.012 मिमी. म्हणजे जवळजवळ सगळी अनिश्चितता उपकरणाचीच. पाचाऐवजी पाचशे रीडिंग घेतली तरी ती हटणार नाही.

घनतेच्या प्रयोगाला एवढं पुरतं. आकारमानात व्यासाचा घन येतो, म्हणून 0.012 भागिले 12.70 गुणिले 3, सुमारे 0.28 टक्के. गोळी साधारण 8.4 ग्रॅमची, तराजूत 0.01 ग्रॅम इकडेतिकडे धरलं तर 0.12 टक्के. एकत्र 0.3 टक्के, म्हणून उत्तर 7.80 ± 0.02 ग्रॅम प्रति घनसेंमी. कॅल्क्युलेटरवरचे 7.8043 वहीत उतरवणाऱ्याचे मार्क मी कापते.

हाच व्हर्निअर रोधकतेच्या (पदार्थ विजेला किती अडवतो ते मोजायच्या) प्रयोगात 0.46 मिमीच्या तारेला लावू नका. 0.012 तेवढाच राहतो, तार मात्र बारीक: व्यासात 2.6 टक्के, क्षेत्रफळात 5.2. मग विजेचे मीटर कितीही भारी आणा, उपयोग नाही. तिथे स्क्रू गेजच हवा, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक माप घेणारं उपकरण. त्याचाही लीस्ट काउंट बहुधा 0.01 मिमीच, तरी तो सरस ठरतो, कारण त्यात तार आणि मोजपट्टी एकाच रेषेत असतात. व्हर्निअरमध्ये वस्तू पट्टीपासून लांब धरली जाते, त्यामुळे दाबलं की सरकता जबडा किंचित कलतो. वस्तू आणि मोजपट्टी एकाच रेषेत हवी, हे तत्त्व जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्ये मांडलं. शिवाय स्क्रू गेजला रॅचेट (ठरावीक दाबानंतर नुसतं फिरणारं टोक) असतं, व्हर्निअरमध्ये दाब तुमच्या अंगठ्यावर. गोळी जबड्यांच्या टोकाशी धरून जोरात दाबा, आकडा खाली सरकलेला दिसेल. पट्टीच्या जवळ धरून हलक्या हाताने घेतलेलं रीडिंगच खरं माना.

शून्याचं बटण मला सर्वांत जास्त खटकतं. साध्या व्हर्निअरला झिरो एरर (जबडे मिटल्यावर शून्याऐवजी दिसणारं माप) तक्त्याच्या वर चिन्हासकट लिहावा लागे. इथे बटण दाबलं की संपलं. जबड्यांत कचऱ्याचा 0.03 मिमीचा कण अडकलेला असताना दाबलं, तर गोळी दरवेळी 12.67 च्या आसपास दिसणार, तीही अगदी एकसारखी. रीडिंग एकसारखी आली म्हणजे प्रयोग जमला असं वाटतं, आणि सरासरी घेऊन ही चूक जात नाही. जबडे पुसून पुन्हा मिटले की −0.03 दिसतं, तेव्हा ती पकडली जाते. म्हणून दर दोन-तीन रीडिंगनंतर जबडे पुसून, मिटून 0.00 बघायची सक्ती मी केली आहे.

काहींची तक्रार असते की हातात धरून वस्तू तापते आणि माप बदलतं. स्टील एका अंशाला एका मीटरमागे 0.0115 मिमी वाढतं. आपली गोळी दहा अंशांनी तापली तरी 0.0015 मिमी. या पडद्यावर ते दिसणारच नाही, काळजी सोडा.

बॅटरी लवकर उतरते, कारण पडदा बंद केला तरी आतला सेन्सर थोडी वीज खात राहतो. सुट्टीआधी काढून ठेवा. भोकाची खोली मापायची दांडी फार बारीक आहे, जरा तिरकी गेली की माप चुकतं, त्यासाठी एक तारा कमी. पाचपैकी चार. मागवताना सोबत एक स्लिप गेज (माप नेमकं माहीत असलेला ठोकळा) मागवा, पत्रकातला ±0.02 खरा की नुसता छापलेला, ते तपासता येईल.