रोटरी फाइलच्या डेमोत झालेली फसवणूक

नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉटेलात आम्हा डेंटिस्ट मंडळींसाठी डेमो ठेवला होता. विक्रेत्याकडे स्टीलचा ठोकळा, त्यात शेजारी शेजारी दोन वाकड्या खाचा, दोन्हींचं वळण 60 अंशांचं. एका खाचेत नावाजलेल्या कंपनीची रूट कॅनालची रोटरी फाइल (दाताच्या मुळातली नळी कोरून साफ करणारी, मोटरवर फिरणारी बारीक सुई), दुसरीत त्याची. दोन्ही 300 आरपीएमवर. नावाजलेली आधी तुटली, त्याची बराच वेळ फिरत राहिली. "बघा नं सर, डोळ्यांसमोर आहे," म्हणत त्याने अर्ध्या किमतीत डबे खपवले. मीही घेतले.

पुढे एका पेशंटच्या खालच्या दाढेत, मेसिअल कॅनालच्या (पुढच्या मुळातल्या नळीच्या) वळणावर, त्यातली कोरी फाइल तुटली. आधी पीळ उलगडलेला दिसला असं काहीच नाही. वळणात फिरताना फाइलची प्रत्येक बाजू दर फेरीत एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. त्या थकव्याने धातू न सांगताच तुटतो. पेशंटला एक्स-रे दाखवून खरं ते सांगितलं. तुकड्याच्या बाजूने वाट काढून उपचार पुरा झाला, पण त्या बाईंनी जी भीती सोसली तिचा विचार आला की आजही संताप येतो.

डेमोचा फोटो माझ्याकडे होता. धातुशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने फाइलच्या 16 मिमी कापणाऱ्या भागावरून माप धरलं आणि वळणांवर वर्तुळं बसवली. नावाजलेल्या फाइलच्या खाचेची त्रिज्या 5 मिमी, दुसरीची जवळपास 10. कोन तोच, वळण मात्र सैल! फाइल जिथे अर्धा मिमी जाड, तिथे बाहेरच्या कडेचा धातू पहिल्या खाचेत सुमारे 5 टक्के ताणला जातो, दुसरीत निम्माच. कोनाइतकीच त्रिज्याही मोजायला हवी, हे संशोधक प्रुएट आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्येच दाखवलं होतं.

त्यात हॉल एसीने गारठलेला. उष्णता-प्रक्रिया केलेल्या नायटी (निकेल-टायटॅनियम) फाइल गारव्यात जास्त टिकतात, तोंडातल्या उबेत लवकर थकतात.

फोन केला तर उत्तर: "डबा फोडला, आता परत नाही." बिलावर बॅच नंबरही नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे.

हा माणूस आता वर्धा-अमरावतीकडे फिरतोय असं कळतं. तुमच्याकडे आला तर दोन्ही फाइल एकाच खाचेत, आळीपाळीने, 37 अंशांच्या पाण्यात फिरवायला लावा. आणि त्याची फाइल त्याच्या बॅगेतली नको, तुम्हाला मिळणाऱ्या सीलबंद डब्यातली घ्या.