एकच खून, दोन प्वारो

'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' ही अगाथा ख्रिस्तींची कादंबरी १९३४ची. आगगाडीत खून होतो आणि गुप्तहेर प्वारो त्याचा छडा लावतो. सिडनी ल्युमेटने दिग्दर्शित केलेला १९७४चा चित्रपट घ्यायचा, की डेव्हिड सुशे प्वारो झालेला २०१०चा दूरचित्रपट?

ल्युमेटकडे थाट आहे. वॉल्ट्झच्या तालावर गाडी सुटते तेव्हा आपणही तिकीट काढून बसल्यासारखे वाटते. इन्ग्रिड बर्गमनला छोट्याशा भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तिची जबानी एका सलग लांब शॉटमध्ये आहे, तेवढ्यासाठीही चित्रपट बघावा. तिशीतला आल्बर्ट फिनी मेकअपखाली प्वारो होतो खरा, पण जरा ओरडतोच. शेवट शॅम्पेनचे पेले उंचावून.

सुशेच्या आवृत्तीत शॅम्पेनला जागाच नाही. सुरुवातीलाच प्वारोने खोटे उघडे पाडलेला एक सैनिक स्वतःवर गोळी झाडतो. पुढे इस्तंबूलच्या रस्त्यात जमाव एका बाईला दगडांनी मारतो. कादंबरीत एका अधिकाऱ्याच्या आत्महत्येचा फक्त ओझरता उल्लेख आहे, दगडांचा प्रसंग तर नाहीच. म्हणून काही वाचक चिडले, आणि त्यांचे अगदीच चूक नाही: ख्रिस्तींचा मिश्कीलपणा इथे पार गोठला आहे. पण कायद्याने न्याय दिला नाही तर माणसांनी काय करायचे, हा कादंबरीतला प्रश्न इथे खरोखर टोचतो. हा प्वारो हातात जपमाळ धरणारा कॅथलिक आहे. डब्यातली ऊब जाते, प्रवासी कुडकुडतात, आणि उकल सांगताना तो संतापाने थरथरतो.

रहस्य ठाऊक नसेल तर आधी ल्युमेट. ठाऊक असेल तर थेट सुशे. खुनी कोण हे माहीत असूनही शेवटची वीस मिनिटे जागचे हलू देत नाहीत.