लहान मुलांना पहिल्यांदा बर्फ दाखवायचाय: मनाली की गुलमर्ग?

डिसेंबर आला की सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न पडतोच, मुलं तीन आणि सहा वर्षांची आहेत, बर्फात खेळायचंय, कुठे जाऊ? दोन्हीकडे प्लॅन साधारण सारखाच असतो, मुक्काम खाली मनालीत किंवा श्रीनगरला करायचा आणि एक दिवस वर जाऊन संध्याकाळी परत यायचं. माझं मत आधीच सांगते, पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर गुलमर्ग. बर्फ किती फूट आहे याला लहान मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो, ते दीड-दोन तास खेळतं आणि मग एकदम गारठून रडायला लागतं, तेव्हा गरम खोली किती लांब आहे हे बघायचं.

प्रवासात मोठा फरक आहे. मनालीसाठी पुण्याहून चंदीगड किंवा दिल्लीला विमानाने जाता येतं, पण पुढे चंदीगडपासून साधारण ३०० किलोमीटर रस्ता आहे, नवे बोगदे आणि चौपदरी रस्ता झाला तरी सात-आठ तास धराच, त्यात घाटात उलट्या होणारं मूल असेल तर तो दिवस गेलाच. श्रीनगरला दिल्लीत विमान बदलून त्याच दिवशी पोचता येतं. फक्त जानेवारीत दिल्लीत धुकं आणि श्रीनगरला बर्फ, दोन्हींमुळे फ्लाइट रद्द होतात म्हणून परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, घरातला एक तरी फोन पोस्टपेड हवा.

आता प्रत्यक्ष बर्फाचा दिवस. मनालीहून सोलंग, म्हणजे बर्फात खेळायची जवळची दरी, थोड्याच अंतरावर आहे, आणि तिथे बर्फ नसला की लोक अटल टनेलमधून डोंगरापलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सू गावाला जातात. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा २०२० मध्ये सुरू झाला आणि त्यामुळे हिवाळ्यातही लाहौलचा बर्फ एका दिवसात बघून येता येतो, ही खरंच मोठी सोय आहे, बोगद्यात शिरताना एक हवा आणि बाहेर पडताना दुसरीच, मुलं त्यावरच खूश होतात. पण सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास आहे, वारा बोचरा असतो, नाताळच्या आठवड्यात गाड्यांच्या रांगा तासन्‌तास हलत नाहीत, आणि जोराचा बर्फ पडला की पोलीस खालीच अडवून फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या पुढे सोडतात. अडकलेल्या गाडीत तीन वर्षांच्या मुलाला शू लागली की काय होतं ते आयांनाच माहीत!

गुलमर्ग श्रीनगरपासून ५० किलोमीटर, उंची २६५० मीटर. हिवाळ्यात खालच्या तंगमर्ग गावात गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, शेवटचे १३ किलोमीटर. पण वर पोचलात की बर्फ पायाखालीच, मैदान मोठं, आणि हॉटेलं-ढाबे लागूनच. मूल गारठलं की पाच-दहा मिनिटांत आत नेऊन गरम काहीतरी पाजता येतं. लाकडी स्लेजवर बसवून ओढणारे असतात, भाव आधी ठरवा, मुलांना तेवढंच पुरतं. गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं ऑनलाइन आधी काढा आणि पहिल्या फेजवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर थांबा. दुसरी फेज अफरवटच्या डोंगरावर ३९०० मीटरच्या वर जाते, तिथे डोकं दुखतंय, मळमळतंय हे लहान मूल नीट सांगू शकत नाही, नुसतं किरकिर करतं आणि आपल्याला वाटतं झोप आली असेल.

कपड्यांचं दोन्हीकडे सारखंच. कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, सोलंगच्या रस्त्यावर दुकानंच दुकानं आहेत, इकडे तंगमर्गला. पण मुलांच्या मापाचे बूट बहुतेक सैल निघतात आणि वरून बर्फ आत जातो. म्हणून लोकरी मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी प्लास्टिक पिशवी, त्यावर दुसरा मोजा, मग बूट. हातमोजे मात्र पुण्यातूनच वॉटरप्रूफ घ्या, आजीने विणलेले लोकरीचे हातमोजे बर्फाचे दोन गोळे केले की चिंब होतात आणि बोटं लाल होऊन ठणकायला लागतात. जादा जोडी वर सॅकमध्येच ठेवा, हॉटेलवर राहिली तर उपयोग नाही.

खर्चाने मनाली स्वस्त पडते, विशेषतः दिल्लीहून रात्रीच्या बसने गेलात तर. आणि २२ एप्रिल २०२५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर पहलगामचं नाव निघालं की पुण्यातली कितीतरी घरं काश्मीरचा विचार थांबवतात, आपल्या शहरातली माणसं गेली त्यात, ज्यांचं मन होत नाही त्यांना कुणी समजावत बसू नये. त्यांनी, आणि ज्यांची मुलं सहा-सातच्या पुढची आहेत, घाट सहन होतो, त्यांनी खुशाल मनाली करावी, फक्त नाताळ टाळून आणि सकाळी सातला निघून.

महिना फेब्रुवारी. दिवाळीच्या सुट्टीत खाली बर्फ नसतो आणि नाताळात भरवसा नसतो. केजीतल्या मुलाची आठवडाभर शाळा बुडली तरी चालतं. मे महिन्यातच जमणार असेल तर मनालीकडे रोहतांगचा घाटमाथाच उरतो, तो ३९७८ मीटर, परमिट लागतं, त्यामुळे तेव्हा लहान मुलांना मी काश्मीरमधल्या सोनमर्गला नेईन, तिथून घोड्याने थाजीवास हिमनदीच्या बर्फापर्यंत जाता येतं.