‘एमा’ची संक्षिप्त आवृत्ती: कात्री नाइटलीलाच

नाशिकला एमजी रोडवर जेन ऑस्टेनची ‘एमा’ घ्यायला गेलात तर आधी प्रकरणं मोजा. मूळ कादंबरीत ५५ आहेत. तीन खंडांत १८, १८, १९ अशी असली तरी प्रत पूर्णच समजा.

संक्षिप्त आवृत्तीत गोष्ट राहते, नायिका एमाचा जुना स्नेही नाइटली हरवतो. ३८व्या प्रकरणात गावचा पाद्री एल्टन एमाची मैत्रीण हॅरिएट हिच्यासोबत नाचायचं टाळतो, तेव्हा एरवी न नाचणारा नाइटली तिला घेऊन नाचतो. ४३व्यात बॉक्स हिलवर एमा गरीब मिस बेट्सला टोमणा मारते. तो चारचौघांत गप्प राहतो, गाडीची वाट पाहताना तिला एकटीला गाठून खडसावतो. किती मोठं मन! हे प्रसंग दोन ओळींत उरकले की ४९व्यातली त्याची एमाला लग्नाची मागणी उपरी वाटते. दुकानातच ४३वं उघडून बघा. ते खडसावणं सबंध नसेल, तर प्रत ठेवून द्या.