स्नॉर्केलिंगचा संच: एक मोसम वापरल्यावर

बडोद्याहून समुद्र तसा लांब नाही, पण स्नॉर्केलिंग म्हणजे नळीने श्वास घेत, पाण्यात डोकं घालून खालचं बघणं, आणि इथे तसं काही दिसत नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या वर जातो (कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ त्याच भरतीत बुडतं), शिवाय मही-नर्मदेचा गाळ. म्हणून सराव बडोद्यातल्याच लालबागच्या तरणतलावात आणि खरा वापर मालवण-तारकर्लीच्या बोटींवर.

संचात टेम्पर्ड काचेचा सिलिकॉन झालरीचा (चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ कडेचा) मास्क, ड्राय-टॉप (लाट आली की वरून बंद होणारी) श्वासाची नळी आणि पूर्ण पायाचे फिन (पायात घालायचे पोहण्याचे पंख) येतात. पैसे वसूल झाले ते मास्कमुळे. मात्र डब्यातून काढून थेट समुद्रात घालू नका. नव्या काचेवर साच्यातल्या सिलिकॉनचा न दिसणारा थर असतो आणि त्यावर वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) आतून बोटाने दोन-तीन मिनिटं चोळून धुवा, असं चार-पाच वेळा. पुढे दर वेळी उतरण्याआधी बेबी शाम्पूच्या पातळ पाण्याचे दोन थेंब पसरवून हलकं विसळलं की पुरतं. भिंग प्लास्टिकचं असेल तर टूथपेस्टने चरे पडतात.

माप बघायची रीत: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने थोडा श्वास ओढा, हात सोडा. तो चिकटून राहिला तर तुमचा. मिशी असेल तर नाकाखालची बारीक पट्टी कातरावी लागते, तिथूनच पाणी झिरपतं. गळायला लागला की लोक पट्टा आवळतात आणि गळती वाढते, कारण झालर दुमडते. पट्टा सैलसरच हवा, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर.

नळी ही या संचाची कमजोर बाजू. वरच्या टोपीतला तरंगता गोळा लाट आली की भोक बंद करतो, पण मीठ वाळलं किंवा वाळूचा कण बसला की तो बंदच राहतो. डोकं पाण्याबाहेर असूनही श्वास येत नाही, आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. आत शिरलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या खालच्या झडपेची पातळ चकती केस अडकला तरी उघडी राहते, मग प्रत्येक श्वासाबरोबर खारट घोट. टोपी काढून गोड्या पाण्यात हलवायची. चकती ओढून काढू नका, फाटते. आमच्या मते साधी सेमी-ड्राय नळी (गोळ्याऐवजी फक्त शिंतोडे अडवणाऱ्या टोपीची) बरी. पूर्ण चेहऱ्याचा मास्क मात्र नकोच. त्यात नाक चिमटून कान मोकळे करता येत नाहीत आणि वापरलेली हवा नीट बाहेर पडली नाही तर गुदमरायला होतं.

तिकिटं काढताना तिथी बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाणी जोरात धावतं, वाळू उसळते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ते संथ असतं आणि प्रवाळ स्पष्ट दिसतं. त्यावर पाय ठेवू नका, फिनचा फटकाही त्याला पुरेसा होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच सहलीत मासेही धरायचे असतील तर गळ टाकायचा तो त्याच्या बाहेर, आणि आधी पोहून घेऊन मग. खडकाळ तळावर शिसं मुख्य तंगुसापेक्षा (गळाच्या नायलॉन दोरीपेक्षा) बारीक दोऱ्याला बांधा, म्हणजे अडकलं तर शिसंच तुटेल, गळ आणि मासा हाती राहील. शिंगाळा लागला तर उघड्या हाताने धरू नका, त्याचे काटे विषारी असतात, पक्कड वापरा.

फिन ठीक आहेत, पण टाच घासते. पातळ निओप्रीन (मऊ, फेसाळ रबर) मोजे घातले की थांबते. परतल्यावर सगळं अर्धा तास गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग उरतात, नळाचं वापरा. मास्क काळ्या रबराला टेकवून ठेवला की झालर पिवळी पडते, म्हणून वेगळ्या डब्यात. फिनच्या पायाच्या जागेतले, आकार टिकवणारे प्लास्टिकचे साचे फेकू नका, आणि बडोद्याच्या मे महिन्यात हे सामान गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका. उभ्या ठेवलेल्या फिनची पाती वाकते ती पुन्हा सरळ होत नाही.