सहा बाय साडेसहाचा सागवानी पलंग: गावातील वाढई मिस्त्रींच्या कामाचा अभिप्राय

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात, आमच्या भागात कवेलूची घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहू लागली, तशी आंदणातील सामानाची यादीही बदलली. लोखंडी पलंग आणि चार फुटी दिवाण मागे पडले आणि ‘किंग साइज’ हा शब्द वरपक्ष-वधूपक्षाच्या बैठकीत सर्रास ऐकू येऊ लागला. मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने आम्हालाही असा पलंग घ्यायचा होता, आणि तो आंदणात न घेता स्वतःच्या खर्चाने करायचा हे आधीच ठरले होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शोरूममधील तयार पलंग, ऑनलाइन मागवायचा खोक्यातला पलंग आणि गावातल्या वाढई (सुतार) मिस्त्रींकडून करून घ्यायचा सागवानी पलंग असे तीन मार्ग समोर होते. आम्ही तिसरा स्वीकारला. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्या पलंगाने सोसल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. काम उत्तम आहे, वेळेच्या बाबतीत मात्र मिस्त्रींचा भरवसा धरू नये.

किंग साइज म्हणजे आपल्याकडे साधारणपणे ७२ बाय ७८ इंच, म्हणजेच सहा बाय साडेसहा फूट, हे माप गादीचे असते. काही दुकानदार ७२ बाय ७५ किंवा ७२ बाय ७२ इंचांचा पलंगही त्याच नावाने विकतात, त्यामुळे नावावर न जाता टेप लावून पाहणे बरे. चौकटीची जाडी धरली की पलंगाचे बाहेरचे माप सव्वासहा बाय पावणेसात फुटांच्या घरात जाते. गावातील नव्या घरांची झोपायची खोली बहुधा दहा बाय बाराची असते. उशाची बाजू दहा फुटी भिंतीला लावली, तर दोन्ही अंगांना दोन फुटांपेक्षा थोडी कमीच जागा उरते आणि पायथ्याशी पाच फुटांच्या आसपास राहते. त्यात आलमारी बसते, तिचे दारही उघडते, पण कूलरची खिडकी पलंगाच्या नेमकी बाजूला आली तर रात्रभर एकाच माणसाच्या अंगावर ओलसर वारा येत राहतो. घरकुल योजनेतील घर तर स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटरचे धरलेले असते, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. तेथे हा पलंग बाहेरच्या मापाने एकटाच सुमारे ४२ चौरस फूट अडवतो. अशा घरात पाच फुटी पलंग घेणेच शहाणपणाचे, मग बैठकीत कोणी काहीही म्हणो.

खोलीइतकेच दाराचे माप महत्त्वाचे आहे. अडीच-तीन फुटांच्या चौकटीतून सहा फुटी अखंड सांगाडा आत जात नाही. आमच्या मिस्त्रींनी काम हाती घेण्याआधी टेप घेऊन दार, व्हरांड्याचे वळण आणि खोली अशी तिन्ही मापे घेतली, आणि पलंग पूर्णपणे सुटा होईल असाच करायचा हे त्यांनी स्वतःहून सांगितले. उशाचा भाग, पायथ्याचा भाग, बाजूच्या दोन पट्ट्या, मधला दांडा आणि वरच्या आडव्या फळ्या एवढेच तुकडे. ते नट-बोल्टने जोडता येतात आणि पान्याने खोलता येतात. पुढे रंगकाम, फरशीची दुरुस्ती किंवा घर बदलणे यांपैकी काहीही आले तरी दोन माणसे हा पलंग उचलून बाहेर नेऊ शकतील.

आता लाकडाविषयी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवान व्यापाऱ्यांमध्ये आजही ‘सी.पी. सागवान’ म्हणून ओळखले जाते. मध्यप्रांत (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे सी.पी.) आणि वऱ्हाडच्या काळातील ते नाव प्रांत गेला तरी टिकून आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या लाकूड आगारातून सागवान गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक आरागिरणीवाला आपला माल त्याच आगारातला असल्याचे सांगतो. सांगणे सोपे असते, म्हणून बिल मागावे. आगारातील गोल लाकडाचा लिलाव घनमीटरने होतो आणि आरागिरणीत चिरलेला माल घनफुटाने विकला जातो. एका घनमीटरमध्ये सव्वापस्तीस घनफूट बसतात, एवढे लक्षात ठेवले तरी भावाची तुलना करताना फसगत होत नाही.

धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) साग तोडून त्याचा पलंग करण्याची कल्पना आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात येते. त्याला हरकत नाही, मात्र महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली सागाच्या तोडीसाठी परवानगी लागते आणि लाकूड हलवण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. शिवाय धुऱ्यावरची झाडे बहुधा कमी वयाची असतात, त्यांत तपकिरी गाभा थोडा आणि बाहेरचा पांढुरका भाग जास्त निघतो. सागवानाला उधई (वाळवी) लागत नाही असे आपण सरसकट म्हणतो, पण ती कीर्ती गाभ्याची आहे. पांढऱ्या भागावर उधई आनंदाने चढते. मिस्त्रींनी आरागिरणीत एकेक फळी उलटून पाहिली आणि कडेला दोन बोटे पांढरे असलेल्या फळ्या बाजूला काढल्या. त्यांपैकी एक फळी गिरणीवाल्याने पुन्हा आमच्या ढिगात सरकवली, तेव्हा मिस्त्रींनी काही न बोलता तिच्यावर खडूने फुली मारली. निवडलेल्या फळ्यांचे चिरून झालेले तुकडेही त्यांनी लगेच रंध्याखाली घेतले नाहीत. मध्ये पट्ट्या ठेवून ते आपल्या पडवीत रचले आणि वाळू दिले. हवेवर लाकूड वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष लागते असा जुना हिशेब आहे. आमचा माल आधीच बराच वाळलेला होता, तरी त्यांनी घाई केली नाही.

या काळजीचे कारण आमच्या हवेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि जुलैत तीच खोली दमट होते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत ते आक्रसते आणि फुगते. म्हणून उशाच्या भागातील रुंद फळी चौकटीला सरसाने किंवा खिळ्याने पक्की करू नये, ती खाचेत मोकळी ठेवावी, म्हणजे तिला हलायला वाव राहतो. आमच्या पलंगाच्या उशाला मे महिन्यात चौकटीच्या कडेने पॉलिश न लागलेली एक फिकट रेघ दिसू लागली, सुताच्या दोऱ्याएवढी. घरच्यांना वाटले पॉलिश उडाले. प्रत्यक्षात फळी आक्रसून खाचेतून किंचित बाहेर सरकली होती, आणि पावसाळा लागल्यावर ती रेघ आपोआप नाहीशी झाली. फळी पक्की ठोकलेली असती, तर त्याच जागी तडा गेला असता.

सहा फूट रुंदीच्या पलंगात खरी कसोटी मधल्या आधाराची असते. आडव्या फळ्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरच टेकलेल्या असतील, तर त्या काही काळाने मध्ये वाकतात आणि दोघेही झोपेत मधोमध घरंगळतात. आमच्या पलंगात उशापासून पायथ्यापर्यंत एक दांडा आहे आणि त्याच्या मध्यावर पाचवा पाय आहे. फळ्या १४ आहेत, प्रत्येकी तीन इंच रुंद, आणि दोन फळ्यांमध्ये सुमारे अडीच इंचांची फट आहे. फोमची गादी घेणाऱ्याने ही फट याहून फार मोठी ठेवू नये, नाहीतर गादी फटीत दबते. सलग प्लाय ठोकणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण पावसाळ्यात गादीला खालून वारा लागला नाही की वास धरतो. पायांचे आणि चौकटीचे सांधे लाकडात भोक पाडून, दुसऱ्या तुकड्याचे टोक आत बसवून केलेले आहेत, आणि जेथे खोलायचे आहे तेथेच बोल्ट आहेत. नुसत्या स्क्रूवर उभा असलेला जड पलंग ओढाताणीत लवकर खिळखिळा होतो.

पलंगाखाली पेटी असावी की नसावी, यावर घरात बरीच चर्चा झाली. गोधड्या, रजया आणि पाहुण्यांच्या उशा ठेवायला पेटी सोयीची असते, हे नाकारता येत नाही. पण मिस्त्रींचे मत ठाम होते. “पेटी केली का उधई पयले आतच घर करते, गुरुजी, अन् तुमाले कयते गादी उचलल्यावर,” असे ते म्हणाले. आमच्या काळ्या मातीच्या भागात जोत्याच्या भेगांतून उधई वर येते, त्यामुळे जमिनीला टेकलेली आणि सहा महिने न उघडलेली पेटी हे तिचे आवडते ठिकाण ठरते. हायड्रॉलिक उचलणीची पेटी दिसायला छान असते, मात्र तिचा दाब गादीच्या वजनाला जुळणारा हवा. कापसाची जड गादी टाकली की तेच झाकण उचलताना घरातील बाईच्या पाठीची परीक्षा होते. आम्ही पलंग खालून मोकळा ठेवला. केरसुणी सहज फिरते, उधईचा मातीचा पापुद्रा कोठे दिसतो का ते वाकून पाहता येते, आणि पायांखाली कडाप्प्याचे लहान तुकडे ठेवल्यामुळे फरशी धुतल्यावर लाकडाला पाणी लागत नाही.

फरशी धुण्यावरून ऑनलाइन पलंगाचा अनुभव सांगतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी एका कंपनीचा पलंग मागवला होता. दिसायला देखणा, किंमतही कमी. तो भुशाच्या दाबलेल्या फळीचा होता, आणि रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या फरशीला टेकलेली त्याची खालची कड पहिल्याच पावसाळ्यात फुगून सनमायका सुटला. वॉरंटीच्या अटींत पाणी आणि उधई दोन्ही वगळलेले होते. तक्रार नोंदली गेली, पुढे काहीच झाले नाही. प्लायचाच पलंग घ्यायचा असेल, तर निदान आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असलेला घ्यावा आणि कापलेल्या कडा उघड्या सोडू नयेत. शोरूमचे पलंग यापेक्षा बरे वाटले, पण तेथे ‘सागवान’ म्हणून दाखवलेल्या दोन नगांपैकी एक आयात केलेल्या लागवडीच्या सागाचा होता आणि दुसऱ्यात फक्त पाय सागाचे होते. विक्रेत्याने हे विचारल्यावरच सांगितले. सागाच्या नव्या कापावर बोट फिरवले तर किंचित तेलकट लागते आणि चामड्यासारखा वास येतो, परंतु पॉलिशखाली हे काहीच कळत नाही, म्हणून पलंगाच्या आतल्या, न रंगवलेल्या बाजूला हात लावून पाहावा.

खर्चाचा हिशेब असा झाला. वाया जाणारे धरून सात घनफूट लाकूड लागले, ३,८०० रुपये भावाने त्याचे २६,६०० रुपये झाले. मजुरी १२,००० रुपये, पॉलिश आणि नट-बोल्ट मिळून ४,००० रुपये. एकूण ४२,६०० रुपये. पेटी केली असती तर लाकूड बरेच वाढले असते. शोरूममध्ये याच मापाचा, निम्मा साग असलेला पलंग यापेक्षा महाग सांगितला होता, त्यात गाडीभाडे वेगळे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मिस्त्रींनी अक्षय्य तृतीयेचा शब्द दिला होता, आणि पलंग घरी आला तो हळदीच्या आदल्या संध्याकाळी, तोही पॉलिशचा शेवटचा हात न देता. लग्नसराईत प्रत्येकाला एकच तारीख देण्याची त्यांची सवय आहे. काम सांगायचे असेल तर दिवाळी आटोपल्यावर सांगावे आणि आगाऊ रक्कम लाकडापुरतीच द्यावी. पॉलिशचा हात पुढे दिला गेला खरा, पण पायथ्याच्या भागावर ब्रशचे ओघळ अजून दिसतात. पावसाळ्यानंतर एका बाजूचा पलंग करकरू लागला. त्यात मिस्त्रींचा दोष थोडाच होता, काळ्या मातीवरची फरशी एका कोपऱ्यात खचली होती. पायाखाली पातळ पट्टी सरकवून आणि बोल्ट आवळून आवाज थांबला. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीच्या साफसफाईत, पाना फिरवावा लागेल हे धरूनच चालावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दुकानदाराने विचारली नाही, ती मिस्त्रींनी विचारली: मच्छरदाणी कशी लावणार? उशाची पाठ फार उंच आणि भिंतीला चिकटून असली की त्या बाजूची मच्छरदाणी गादीखाली खोचता येत नाही. आमची पाठ त्यांनी साडेतीन फुटांवर थांबवली, तिच्यात आणि गादीत हात जाईल एवढी जागा ठेवली आणि चारही पायांच्या आतल्या अंगाला बांबू बसतील अशी लोखंडी कडी मारून दिली. सहा बाय साडेसहाची मच्छरदाणी वरोऱ्यात मिळाली. चादर मात्र नेहमीच्या ९० बाय १०० इंचांची पुरत नाही, १०८ बाय १०८ चीच घ्यावी लागते. गादी आम्ही कापसाच्या दोन सुट्या, तीन-तीन फुटी भरून घेतल्या, कारण सहा फुटी सलग गादी उन्हात टाकायला गच्चीवर नेणे दोन माणसांच्याही आवाक्यातले नाही.